अलिबागची बेने इस्राएल एक दिवसाची सहल : नक्की जा, पण गाण्यांना वेळ वाढवून मागा

गेल्या महिन्यात एका रविवारी आई आणि मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची माहिती देणाऱ्या एक दिवसाच्या कार्यक्रमाला जाऊन आलो, नवगाव, अलिबागचं सिनेगॉग म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, अलिबागजवळच्या खंडाळा गावचा (घाटातलं खंडाळा नव्हे) एलियाहूचा खडक, मलिदा, जेवण आणि शेवटी गाणी असा सगळा बेत होता. आधी कुठे या कार्यक्रमाबद्दल नीट लिहिलेलं सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

सकाळी बोटीने मांडव्याला उतरलो की गाडी उभी असते, तिथून पहिला थांबा नवगाव. इथेच किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून हा सगळा समाज वाढला अशी परंपरा आहे. समुद्राने बाहेर टाकलेले मृतदेह दोन मोठ्या ढिगाऱ्यांखाली पुरले असं सांगतात, आज तिथे जुनी दफनभूमी आणि स्मारकाचा खांब आहे. आमच्याबरोबरचे काका सत्तरीच्या पुढचे, समाजातलेच, हातात कागद नाही काही नाही, उभ्या उभ्या बोलत होते. पुस्तकं, पोथ्या सगळं बुडालं, पाठ राहिली ती एक 'शमा इस्राएल' ही प्रार्थना, आणि शनिवारी काम करायचं नाही हा नियम. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. हे ऐकल्यावर आई पटकन म्हणाली, अरे आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द होता! आणि मग काका आणि आई दहा मिनिटं नुसती गावांवरून पडलेली आडनावं घेत बसले, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर, किहीमचे ते केहिमकर वगैरे. मला तो वेळ अजिबात वाया गेला असं वाटलं नाही.

दावीद रहाबी, म्हणजे परंपरेप्रमाणे या समाजाला शोधून काढून पुन्हा धर्म शिकवणारा बाहेरून आलेला यहुदी, त्याची गोष्ट काकांनी फार छान सांगितली. हे लोक खरंच यहुदी आहेत का बघायला त्याने बायकांना मासळी दिली, आणि त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढून तेवढेच शिजवले. कोकणातल्या माणसाला ही परीक्षा लगेच कळते, म्हणजे कोळंबी आणि खेकडे बाजूला आणि पापलेट चालेल!

मग अलिबाग, इस्राएल आळी. मागेन आबोथ सिनेगॉग 1848 सालचं, आत्ताची इमारत 1910 ची. पुरुषांनी टोपी घालायची, बायकांनी डोक्यावर ओढणी किंवा पदर, टोप्या तिथे मिळतात. आत मधोमध तेबा म्हणजे जिथे उभं राहून प्रार्थना म्हणतात तो कठडा असलेला चौथरा, समोर हेखाल म्हणजे पवित्र कपाट, त्यात तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, आणि वर कायम तेवणारा दिवा. काकांनी सांगितलं की जुनी माणसं सिनेगॉगला सरळ मशीद म्हणायची, मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवरचं 1796 चं शार हारहमीम म्हणजे जुनी मशीद. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले म्हणून त्यांनी बांधलं असं सांगतात. शांत, स्वच्छ जागा आहे, बसून राहावंसं वाटतं, पण इथे आम्हाला घाई केली गेली आणि ते मला खटकलं. तीस-पस्तीस जणांचा गट आणि माहिती सांगणारा माणूस एक, मागच्या रांगेत शब्द ऐकू येत नव्हता. आयोजकांनी एक छोटा माईक आणला तरी अर्धी तक्रार संपेल.

सिनेगॉगच्या बाहेर मांडवात त्यांनी जुन्या पुस्तकांच्या पानांचे मोठे फोटो लावले होते, ते सावकाश बघा. 1846 सालची मुंबईत शिळाप्रेसवर छापलेली हग्गादा, हिब्रू आणि सोबत मराठी. पेसाह म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्या रात्री घरी वाचायचं पुस्तक ते, आणि ते मराठीत! पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या हग्गादात चित्रं आहेत, त्यात बायका लुगड्यात खाली बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. मी शाळेत मराठी शिकवते, एकोणिसाव्या शतकातल्या मराठी छपाईबद्दल बरंच वाचलंय, पण हे पान कोणी मला कधी दाखवलं नव्हतं, मी तिथेच उभी राहिले आणि आई पुढे निघून गेली.

सणांच्या नावांचा तक्ता तर पाठ करण्यासारखा आहे. रोश हशाना, यहुदी नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घरात उपास करायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. शिवाय एक खिरीचा सण. आणि यरुशलेमच्या देवळाच्या नाशाचं दुःख पाळायचा दिवस, तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. इतक्या वर्षांच्या तुटलेपणात मूळ नावं गेली पण दिवस गेले नाहीत, त्यांना इथल्या स्वयंपाकघरातलं नाव मिळालं. मला तर आता वर्गात हा तक्ता लावायचाय.

खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया रथातून स्वर्गात जाताना उतरले आणि रथाच्या, घोड्यांच्या टापांच्या खुणा उमटल्या असं समाज मानतो, लोक नवस बोलतात आणि फेडायला मलिदा करतात. ऊन फार होतं, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, वयस्कर माणसं असतील तर इथे गाडीतच बसलेलं बरं.

मलिदा आमच्यासमोर केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर पाच फळं, आणि खायच्या आधी एकेका गोष्टीवर आशीर्वाद म्हणायचा. आई मला हळूच म्हणाली, अगं हा तर आपला प्रसाद. शेजारच्या काकू हसल्या आणि म्हणाल्या, खा, खा, अजून घ्या. जेवणात नारळाच्या दुधातलं चिकन होतं, कारण मांसाबरोबर दूध-दही चालत नाही मग नारळ आहेच, आणि शेवटी चिकाचा हलवा, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून केलेला, लालसर, वडी पडलेला. असा हलवा मी पहिल्यांदाच खाल्ला आणि परत मागून घेतला. शाकाहारी लोकांसाठी मात्र फक्त भात-डाळ आणि एक भाजी, ती आधीच विचारून घ्या.

आता गाणी. या सगळ्यात हेच सगळ्यात मोलाचं आणि ह्यालाच जेमतेम अर्धा तास ठेवला होता. 1880 च्या सुमारापासून या समाजात मराठी कीर्तन आहे, अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा, पेटी तबला, साकी, दिंडी, आर्या, अगदी आपल्या कीर्तनाचा बाज. तीन आज्या समोर बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर कव्हर फाटलेली वही, शाईने लिहिलेली. त्यांनी योसेफाला भाऊ विकतात तो भाग गायला तेव्हा आई रडत होती, आणि मीसुद्धा. मी विचारलं आजी, ही वही कोणाची, म्हणाल्या माझ्या सासूची, पण आता गाणारं कोण, पोरं इस्रायलला. चौथं गाणं सुरू केलं आणि आयोजकांनी घड्याळ दाखवलं, बोट चुकेल म्हणून. बोटीचं बरोबर आहे, पण मग सकाळी एखादा चहाचा थांबा कमी करा, गाणी मधेच तोडू नका!

फी जेवण, गाडी धरून आहे, मला जास्त वाटली नाही. पाचातले चार स्टार देतेय, एक स्टार माईक आणि गाण्यांच्या वेळेसाठी ठेवलाय. आयोजकांना मी फोन करून एक मागणी केलीय की आजींनी परवानगी दिली तर त्या वहीतली गाणी टाइप करून छापायची, टायपिंग मी करते म्हटलं. त्यांनी आजींना विचारून कळवतो सांगितलंय. पुढची सहल पावसानंतर आहे, आई आत्तापासून विचारतेय नाव दिलंस का म्हणून.