जनरेटर रंगवायचाय: गावातला पेंटर की एमआयडीसीतलं पावडर कोटिंग?

माझ्याकडं दोन पेट्रोल जनरेटर आहेत, दोन्ही पिवळे, लांबून बघितलं तर जुळे भाऊ. एक आमच्या गावातल्या पेंटरनं ऑइल पेंटमधी रंगवलाय, दुसरा एमआयडीसीतून पावडर कोटिंग करून आणलाय, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजतात ते. ज्यांना कुठं टाकावा हे ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. किती केव्हीए, कुठली कंपनी ते तुमचं तुम्ही बघा.

आता रंगवायचाच कशाला असं विचारणारे पण आहेत. कंपनीचा लाल काय वाईट नाही, पण जत्रेत पाळण्याच्या मागं पाच लाल जनरेटर एका ओळीत लागले की पहाटे सामान भरताना डोळ्यावर झोप असते आणि माझा एकदा दुसऱ्याच्या टेम्पोत जाऊन बसला होता, तालुक्याच्या गावातून परत आणला. आणि दुसरं म्हणजे, मी या धंद्यात आलो ते वरातीत गाडा ढकलणारा पोरगा म्हणून. पुढं डोक्यावर लाईट घेतलेल्या बाया, मागं वायर, आणि सगळ्यात शेवटी धुरात आम्ही. फोटोवाला आला की पहिला हुकूम, "ए जनरेटर, मागं सरक!" म्हणजे माणसाचं नावच जनरेटर. आता निदान "पिवळा जनरेटरवाला" म्हणतात. एक पायरी तर वर आलो. शेजारच्या गावात एकानं ट्रॅक्टरला मॅचिंग म्हणून हिरवा-पिवळा मारून घेतलाय, अगदी जॉन डिअरचं पिल्लू वाटतंय.

रंग कुठला हे सांभाळून ठरवा, एवढंच म्हणीन. मला शिवजयंतीला भाडं मिळतं, १४ एप्रिलला मिळतं, उरुसालाही मिळतं. भगवा, निळा, हिरवा यातला कुठलाही मारला की कोण तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी फोन येईल का याची खात्री मी देणार नाही. आमचा देव खंडोबा, म्हणून भंडाऱ्याचा पिवळा घेतला. पोरं म्हणतात जेसीबीचा डबा उरलाय वाटतं, म्हणू दे.

तर पेंटर. पेंटरची मजा अशी की तो घरी येतो, जनरेटर खोलावा लागत नाही, दोन दिवसात काम होतं (पावसाळ्यात नका देऊ, चार-चार दिवस चिकट राहतो), आणि पत्रा चेपला असंल तर लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरून असा गुळगुळीत करतो की चेपलेला होता हे तुम्हीच विसराल. वर टाकीवर नाव. आमच्या पेंटरचं अक्षर म्हणजे ल ला अशी शेपटी काढतो की बघत राहावं. "जय मल्हार" लिहिलं, लाल अक्षर, काळी सावली. मी तर पहिल्या दिवशी तो जनरेटर शेडमधी ठेवलाच नाही, दारात ठेवला.

पावडर कोटिंगला उलट सगळं उकलावं लागतं. टाकी सोडवा, कॉक काढा, झाकण, रबरं, वायरी, सगळं बाजूला, आणि टाकी धुऊन पूर्ण कोरडी केल्याशिवाय ते हात लावत नाहीत, आणि बरोबरच आहे, पेट्रोलचा वास असलेली टाकी भट्टीत कोण घालणार. भट्टी १८० ते २०० डिग्रीची. जुनी साधी लांबी त्या उष्णतेला टिकत नाही, त्यामुळं चेपलेलं चेपलेलंच दिसतं. नाव वगैरे काही नाही, शाळेच्या बाकासारखा एकच सपाट रंग. मला खर्च पेंटरच्या दुपटीच्या आसपास पडला आणि जाऊन-येऊन, परत जोडून आठवडा गेला.

इथपर्यंत वाचून तुम्ही पेंटरला फोन लावला असंल. थांबा जरा.

टाकीचं तोंड. सगळा घोळ तिथं आहे. रात्री अकराला वरात देवळापाशी, लाईट गेलेली, पेट्रोल संपत आलेलं, नवऱ्या मुलाचा मामा डोक्यावर उभा. मशीन बंद करून थंड होऊ द्यायची असते, ते मी करतो, पण कॅन तिरका करताना मोबाईलच्या उजेडात चार थेंब बाहेर जातातच. आणि ऑइल पेंटला पेट्रोल म्हणजे जावईच, आला की सगळं मऊ. पहिल्यांदा रंगाला सुरकुत्या आल्या, मग मी फडक्यानं पुसलं तर फडकं पिवळं. दिवाळीपर्यंत "मल्हार"चा र गेला. मग ल्हा अर्धा. मार्चमधी एका लग्नात एक म्हातारा टाकीकडं बघून मला म्हणाला, "जय म म्हंजी कोण रं?" पेंटरनं दोनदा फुकट दुरुस्त करून दिलं, त्याचा काही दोष नाही. पण देवाचं नाव पेट्रोलनं पुसतंय हे काय मनाला पटेना.

पावडरवाल्या टाकीवर आजपर्यंत तसा डाग नाही. सांडलं, पुसलं, विषय संपला. फ्रेमला टेम्पोच्या फाळक्याचा ओरखडा पडलाय, आतलं लोखंड दिसतंय, आणि ते काय घरी नीट होत नाही हे मान्य. ज्यांचा जनरेटर दुकानाबाहेर एकाच जागी असतो, दिवसा नरसाळं लावून निवांत भरतात, त्यांनी पेंटरकडंच जावं, मी अडवणार नाही. रोज रात्री फिरणाऱ्यानं मात्र माझ्या मते दुप्पट पैसे सोसावेत.

दोन्हीकडं एक सांगून ठेवा, इंजिनच्या पंखांवर, म्हणजे बाहेरच्या पातळ कडांवर, रंग नको, तिथून उष्णता बाहेर जाते, आणि नंबरची पट्टी झाकू नका, वॉरंटीला तीच बघतात. सायलेन्सर तर सोडूनच द्या.

आता जुना पण पावडरला टाकायचाय, दसऱ्याच्या आधी. नावाचं मात्र पेंटरकडंच. पत्र्याची एक पाटी कापून घेतली, फ्रेमला खालच्या अंगाला दोन बोल्टांनी बसते, पेट्रोल तिथं पोचत नाही. पाटी द्यायला गेलो तर पेंटर आधी जरा गप्पच होता. मग पाटी उलटसुलट करून म्हणाला, जागा उरतीय, कोपऱ्यात मोर काढू का? म्हटलं काढा.