सेमिस्टरची फी हप्त्यांत: अमेरिकी विद्यापीठांचा पेमेंट प्लॅन ट्रान्सफरवाल्यांना किती कामाचा?

आधी कम्युनिटी कॉलेज आणि मग मोठ्या विद्यापीठात ट्रान्सफर, या मार्गात पहिली दोन वर्षं स्वस्तात निघतात आणि खरा दणका तिसऱ्या वर्षी बसतो. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या विद्यार्थ्याला फॅफ्साची, म्हणजे अमेरिकी सरकारी शिक्षणमदतीच्या अर्जाची, दारं बंदच असतात. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठांत २०२५-२६ साली नव्याने येणाऱ्या राज्याबाहेरच्या पदवी विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा लागतात. अशा वेळी बिलाच्या पानावरचं पेमेंट प्लॅनचं बटण मोठा आधार वाटतं.

बहुतेक ठिकाणी ही सोय नेलनेट किंवा टचनेटसारख्या कंपनीमार्फत चालते. व्याज नाही, क्रेडिट स्कोअर लागत नाही, नोंदणीचे साधारण ३० ते ७५ डॉलर दर प्लॅनमागे एकदा जातात आणि ते परत मिळत नाहीत. २०,००० डॉलरचं बिल असेल तर ४,००० चे पाच हप्ते. इतक्या स्वस्तात बिनव्याजी उधारी दुसरीकडे मिळणार नाही, म्हणून सोय म्हणून आमच्याकडून पूर्ण गुण. पण हे कर्ज नव्हे. सेमिस्टर संपायच्या आत पूर्ण रक्कम द्यावीच लागते आणि आय-२० साठी (व्हिसाकरता विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र) वर्षभराच्या खर्चाचा पुरावा आधीच दाखवावा लागतो. तिथे प्लॅनचा कागद चालत नाही.

ट्रान्सफरवाल्यांची अडचण तारखांची. प्लॅन जितक्या उशिरा घ्याल तितके हप्ते कमी. जुन्या विद्यार्थ्यांची नोंदणी आधीच उरकलेली असते, ट्रान्सफरवाल्यांचं ओरिएंटेशन, म्हणजे नव्यांसाठीचं ओळखसत्र, मात्र बऱ्याचदा जुलै-ऑगस्टमध्ये. त्याआधी विषय घेता येत नाहीत, विषय नाहीत म्हणून बिल नाही, आणि बिल नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी प्लॅनही घेता येत नाही. तोवर पाचाचे तीन हप्ते उरले, तर ४,००० ऐवजी ६,६६७ डॉलरचा हप्ता बसतो. ओरिएंटेशनची सर्वांत आधीची तारीख धरा, एवढाच यावर उपाय.

दुसरी गोची क्रेडिटची, म्हणजे जुन्या कॉलेजात झालेले विषय नव्या ठिकाणी धरले जाण्याची. जुन्या कॉलेजची अंतिम ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) वेळेत पोचली नाही, तर झालेला विषय पुन्हा घ्यायची पाळी येते आणि त्याची फी नव्या विद्यापीठाच्या दराने. जुन्या कॉलेजात पार्किंगचा दंड किंवा लायब्ररीची बाकी राहिली असेल, तर ट्रान्सक्रिप्ट अडू शकते. ती अडवून ठेवण्यावर जुलै २०२४ पासून जो संघीय नियम आला, तो सरकारी मदत घेतलेल्या सत्रांपुरता आहे. स्वखर्चाने शिकणाऱ्याला त्याचं संरक्षण नाही. कॅलिफोर्नियात मात्र राज्याच्याच कायद्याने थकबाकीपोटी ट्रान्सक्रिप्ट अडवायला बंदी आहे. तरी निघण्यापूर्वी जुन्या कॉलेजचं खातं शून्यावर आणलेलं बरं.

प्लॅन घेतल्यावर बिल बदललं तर काय होतं, हे आधी वाचा. काही ठिकाणी हप्ते आपोआप नव्याने मांडले जातात. काही ठिकाणी वाढीव रक्कम प्लॅनबाहेर राहते आणि ताबडतोब देय होते. आरोग्य विम्याची रक्कम नेमकी अशीच मागाहून चढते. ती भरली नाही की लेट फी, आणि खात्यावर होल्ड (अटकाव) लागला की पुढच्या सेमिस्टरची नोंदणी बंद. विद्यापीठ बाहेरचा विमा मान्य करत असेल, तर विद्यापीठाच्या विम्यातून सूट मिळण्याचा अर्ज मुदतीत टाका. आणि विषय सोडला म्हणजे हप्ते थांबतात हा गैरसमज आहे. परताव्याची तारीख उलटली की बाकी तशीच उभी राहते.

हप्ता कशातून जातो यावर खर्च ठरतो. अमेरिकेतल्या चेकिंग (रोजच्या व्यवहाराच्या बँक) खात्यातून बहुधा फुकट. कार्डावर २.८५ टक्के अधिभार धरला तर ४,००० च्या हप्त्याला ११४ डॉलर, पाच हप्त्यांना ५७०. बिनव्याजी सोयीचा अर्थच गेला! खाते क्रमांकाच्या जागी डेबिट कार्डाचा क्रमांक टाकणं ही नेहमीची चूक. हप्ता परत जातो, दंड लागतो आणि पुन्हा तसं झालं तर प्लॅन रद्द होऊ शकतो.

भारतातून दरमहा पैसे पाठवणं तर महागच पडतं. दर वेळी बँकेचं शुल्क, स्विफ्टचा (आंतरराष्ट्रीय बँक जाळ्याचा) खर्च आणि रूपांतरावरचा जीएसटी. त्यापेक्षा जमत असेल तर सेमिस्टरची रक्कम एकदम मुलाच्या तिथल्या खात्यात ठेवून हप्ते तिथून कापू द्यावेत. पाठवताना फॉर्म ए-२ वर (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज) शिक्षणाचा पर्पज कोड, म्हणजे कारणाचा क्रमांक, एस०३०५, पडला आहे ना, हे काउंटरवरच बघा. नातेवाइकाच्या चरितार्थाचा कोड पडला, तर १० लाखांवरच्या रकमेला टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, २० टक्क्यांनी कापला जातो; शिक्षणासाठीचा दर बराच कमी आहे. १० लाखांची ही मर्यादा प्रत्येक पॅनला आर्थिक वर्षात वेगळी, म्हणून आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून पाठवणं फायद्याचं. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

आणखी एक: पालकांना बिल आपोआप दिसत नाही. मुलाने पोर्टलवर तुम्हाला 'ऑथराइज्ड यूजर' म्हणून जोडलं नसेल, तर बर्सर ऑफिस (विद्यापीठाचं फी कार्यालय) फोनवरही काही सांगणार नाही. हे काम प्लॅन घ्यायच्या दिवशीच करून टाका.

आमच्या मते पैसे हाताशी आहेत पण एफडी मोडायची नाही किंवा पगारातून टप्प्याटप्प्याने द्यायचे आहेत, त्यांनी हा प्लॅन बेलाशक घ्यावा. पैशांची जुळवाजुळवच अजून व्हायची असेल, तर आधी कर्ज मंजूर करून घ्या. शिवाय कम्युनिटी कॉलेजात असतानाच फाय थीटा कॅपाचं, म्हणजे तिथल्या हुशार विद्यार्थ्यांच्या मानसंस्थेचं, सभासदत्व घेऊन ठेवा, बहुधा ३.५ जीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो. त्यावर अनेक विद्यापीठं ट्रान्सफर शिष्यवृत्ती देतात, पण तिची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधीही संपलेली असू शकते.