कोडफोर्सेस १२३४-डी: सेगमेंट ट्रीच्या सरावाला नेमका प्रश्न

कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या, २०१९ मधल्या ५९० क्रमांकाच्या राउंडचा हा प्रश्न सेगमेंट ट्री (तुकड्या-तुकड्यांची उत्तरं साठवणारी झाडासारखी रचना) नुकती शिकलेल्यांनी सोडवावाच. एक लाखापर्यंत इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग, क्वेरी म्हणजे विचारणाही एक लाखापर्यंत. कधी एक अक्षर बदलतं, कधी दिलेल्या तुकड्यात वेगवेगळी अक्षरं किती ते विचारतात. साधे प्रीफिक्स सम (सुरुवातीपासून प्रत्येक जागेपर्यंतच्या बेरजा) इथे अडकतात, कारण प्रत्येक बदलाला पुढचा सगळा अ‍ॅरे दुरुस्त करावा लागतो.

आमची पसंती मास्कला: झाडाच्या प्रत्येक नोडवर, म्हणजे तुकड्यावर, २६ बिट (दर अक्षराला एक, ते तुकड्यात असेल तर १), दोन तुकडे जोडताना बिटांचा ऑर (कुठेही १ असेल तर १), शेवटी पॉपकाउंट, म्हणजे १ असलेल्या बिटांची मोजणी. नमुन्यातल्या ए-बी-ए-सी-ए-बी-ए मध्ये १ ते ४ चं उत्तर ३. चौथं-पाचवं अक्षर बी केलं की ४ ते ६ चं उत्तर १.

प्रत्येक अक्षराच्या जागांचा एक क्रमवार सेट, असे २६ सेट ठेवूनही प्रश्न सुटतो. मात्र सी++ मध्ये तुकड्यातली पहिली जागा शोधायला सेटचंच स्वतःचं लोअर-बाउंड (दिलेल्या संख्येपेक्षा लहान नसलेली पहिली संख्या देणारं फंक्शन) वापरा; बाहेरचं सर्वसाधारण फंक्शन सेटवर एकेक पायरी चालतं आणि वेळ संपतो. दर अक्षराला एक अशा २६ फेनविक ट्री (बदल होत असतानाही बेरजा पटकन देणारी रचना) घेतल्यात तर जुनं अक्षर वजा करून मूळ स्ट्रिंगही बदला, नाहीतर त्याच जागेच्या पुढच्या बदलाला मोजणी बिघडते.

उणीव एकच: अक्षरं २६ च, म्हणून मोठ्या संख्यांच्या अ‍ॅरेला ही युक्ती लागू पडत नाही.