मे महिन्यातले जैसलमेर : दगडी हॉटेल पसंत, तंबू नापसंत

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबासह जैसलमेरला जाता येते आणि तेथे आनंदाने राहताही येते. मात्र त्यासाठी हॉटेल निवडताना गच्चीवरून किल्ला दिसतो की नाही हे पाहण्याआधी दुपारी तीन वाजता खोलीत कसे वाटते हे विचारावे लागते. आम्ही जळगावहून आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपल्यावर गेलो. सोबत सासूबाई होत्या, आखाजीसाठी माहेरी आलेली नणंद होती आणि दोन्ही घरची मुले होती. मुक्काम दोन ठिकाणी केला : किल्ल्याच्या पायथ्याशी एका गल्लीतल्या जुन्या धाटणीच्या दगडी हॉटेलात आणि सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळच्या तंबूंच्या कॅम्पमध्ये. पहिला मुक्काम मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन. दुसरा हिवाळ्यात कदाचित चांगला असेल, पण मे महिन्यात लहान मुले आणि वयस्कर माणसे घेऊन कोणी तेथे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नावे देत नाही, कारण येथे नावापेक्षा बांधणी आणि व्यवस्था महत्त्वाची आहे, आणि तशा बांधणीची हॉटेले त्या भागात बरीच आहेत.

जैसलमेरचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. आपल्याकडे शाळेला मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात, आणि त्याच काळात तेथले दर उतरतात. आमच्या हॉटेलचे भाडे हिवाळ्याच्या भाड्याच्या निम्म्याच्या आसपास होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे कोणालाच नवे नाही, त्यामुळे ‘आपल्याला उन्हाचे काय एवढे?’ असे म्हणणारे नातेवाईकही भरपूर भेटतात. त्या म्हणण्यात तथ्य आहे. डोक्याला रुमाल बांधणे, बाहेर पडण्याआधी पाणी पिणे, कैरीचे पन्हे, दुपारी दारे-खिडक्या लावून घेणे हे आपल्या अंगवळणी पडलेलेच असते. पण वाळवंटातली हवा इतकी कोरडी आणि वारा इतका सततचा असतो, की घाम आला हे कळायच्या आतच तो वाळून जातो. अंग भिजत नाही, कपडे ओले होत नाहीत, आणि म्हणून पाणी फारसे गेले नाही असा समज होतो. मुलांच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो. आम्ही तहान लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून पाणी प्यायलो, आणि एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घातलेली जलसंजीवनी रोज सकाळी ताजी करून बाटल्यांत भरून घेतली.

प्रवासाविषयी थोडक्यात. जळगावहून तापी मार्गाने नंदुरबारवरून सुरत गाठायचे, तेथून रात्रीच्या गाडीने जोधपूर आणि पुढे रेल्वेनेच जैसलमेर, हा क्रम आम्हांला सोयीचा वाटला. रेल्वेचे आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे सुट्टीच्या तारखा ठरताच त्या दिवसाची नोंद करून ठेवावी. जोधपूर ते जैसलमेर या टप्प्यासाठी मात्र वातानुकूलित डब्याचे तिकीट काढण्यात काटकसर करू नये. ही गाडी फलोदीवरून जाते, जेथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि साध्या डब्याच्या खिडकीतून गरम हवेबरोबर बारीक वाळूही आत येते.

आता हॉटेलविषयी. शहरातल्या जुन्या इमारतींसारखीच ही इमारत पिवळ्या वालुकाश्माची होती. भिंती हातभर जाड, मध्ये छोटा चौक आणि चौकाभोवती खोल्या. आरक्षण करताना मी तळमजल्याच्या खोल्या मागितल्या, तेव्हा व्यवस्थापकांनी आपणहून सांगितले, की उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या, बाजूला जाळी असलेल्या दोन खोल्याच देण्यासारख्या आहेत, वरच्या मजल्यावरून किल्ला सुंदर दिसतो पण छत तापते. पर्यटकाला महागडी खोली गळ्यात न मारता योग्य खोली देणारा माणूस भेटला, याचा मला फार आनंद झाला. भर दुपारी चौकातून खोलीत पाऊल टाकले की फरशी पायाला गार लागायची. खिडकीत मोठा कूलर होता, आणि समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका मुद्दाम उघडा ठेवलेला होता. कूलर वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे महत्त्व सांगायला नको : ओली हवा बाहेर जायला वाट असेल तरच कूलर गारवा देतो, नाहीतर खोली दमट होऊन बसते. हवा कोरडी असेपर्यंत अशा खोलीत एसीची उणीव भासत नाही. आमच्या खोलीत एसी होता, पण दुपारी आम्ही कूलरच चालवला. चौकाच्या पश्चिमेच्या कमानीत वाळ्याचा पडदा लावलेला होता आणि एक मुलगा दुपारभर अधूनमधून त्यावर पाणी शिंपडत असे. त्या वासाने सासूबाई इतक्या प्रसन्न होत, की खोलीत न झोपता तेथेच चटईवर पडून राहत.

पाण्याचा मुद्दा वेगळा लिहिला पाहिजे. जैसलमेरला पिण्याचे पाणी येते ते इंदिरा गांधी कालव्याचे, आणि या कालव्याच्या दुरुस्तीसाठी उन्हाळ्याच्या आसपास काही आठवडे पाणी बंद किंवा कमी केले जाते. त्याला तिकडे नहरबंदी म्हणतात. त्या काळात शहरात पाणी मोजून मिळते. म्हणून आरक्षणाआधी ‘नहरबंदीत तुमच्याकडे साठवण किती दिवसांची असते?’ हा प्रश्न प्रत्येक हॉटेलला विचारावा. उत्तर गोलमाल आले तर दुसरीकडे पाहावे. आमच्या हॉटेलात जमिनीखाली जुने टाके होते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मात्र दुपारी हात पोळेल इतके तापायचे, म्हणून मुले उठण्याआधीच न्हाणीघरात बादल्या भरून ठेवलेल्या असत. आम्ही घरी तेच करतो, पण हॉटेलवाल्यांनी न सांगता ते करावे, याला मी सेवा म्हणते. वीज गेल्यावर पंखा आणि कूलर दोन्ही इन्व्हर्टरवर चालत होते, हेही नोंदवण्यासारखे आहे. एकच उणीव सांगायची तर जिन्याला कठडा नाही आणि पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना गच्चीवर नेताना हात द्यावा लागतो.

स्वयंपाकघराने आमच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतले, आणि माझ्या मते या हॉटेलचा सर्वांत मोठा गुण हाच. पहाटे साडेपाचला चहा आणि बिस्किटे, साडेनऊला परत आल्यावर भरपेट न्याहारी, दुपारी हलके जेवण, आणि ताक मागाल तेव्हा. जेवणात आमच्या घराला सर्वांत जास्त चर्चा करावीशी वाटली ती बाटीची, कारण वरण-बट्टी हे आमचे घरचेच जेवण. आपल्याकडे जाडसर दळलेल्या गव्हात थोडा मका, ओवा, हळद घालून गोळे वाफवतात आणि मग कापून तुपात तळतात किंवा गोवऱ्यांवर भाजतात, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. तेथली बाटी निखाऱ्यावर भाजलेली, आतून घट्ट, तुपात बुडवून फोडलेली, आणि सोबत पाच डाळींचे मिश्रण व गोड चुरमा. सासूबाईंनी आचाऱ्याला कणीक कशी भिजवली ते विचारले, आचाऱ्याने ‘माँसा’ म्हणत स्वयंपाकघरातच बसवून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी तेथे आमच्या पद्धतीची तळलेली बट्टी झाली. सांगरी (शमीच्या शेंगा) आणि केर (तिकडच्या काटेरी झुडपाची लहान फळे) यांची वाळवणाची भाजी मुलांना आंबट-तिखट चवीमुळे आवडली. हिरव्या भाज्या कमी पिकणाऱ्या प्रदेशाने वाळवणावर केवढे प्रभुत्व मिळवले आहे, हे त्या एका भाजीत कळते. शेवभाजीच्या तिखटाची सवय असलेल्यांनी मात्र सोबत घरची चटणी न्यावी.

फिरण्याचे वेळापत्रक सूर्याप्रमाणे आखावे. जैसलमेर जळगावच्या बरेच पश्चिमेला आणि उत्तरेलाही असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस तेथे सूर्य जवळजवळ अर्धा तास उशिरा, साडेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे संध्याकाळ लांब मिळते आणि ऊनही उशिरापर्यंत रेंगाळते; संध्याकाळी सहाच्या आत पायी फिरायला बाहेर पडण्यात अर्थ नाही. आम्ही सकाळी सहाला किल्ल्यात शिरायचो. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात, त्यामुळे त्या वेळी गल्ल्यांत दूधवाले, सडा घालणाऱ्या बायका आणि शाळेची सुट्टी असलेली मुलेच दिसतात, पर्यटक जवळपास नसतात. गल्ल्या मुद्दाम इतक्या अरुंद ठेवल्या आहेत, की नऊपर्यंत एक बाजू सावलीत राहते. आतल्या जैन मंदिरांत पर्यटकांना सकाळची वेळ असते, ती आदल्या दिवशी विचारून घ्यावी. चामड्याचे पट्टे-पाकिटे आत नेऊ देत नाहीत. पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्या आतून पाहायच्या असल्याने दहापर्यंत चालतात, आणि त्यांच्या दगडी जाळ्यांतून येणारी वाऱ्याची झुळूक हाताला लावून पाहण्यासारखी आहे. गडीसर तलाव संध्याकाळी. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव अगदी पहाटेच, कारण तेथे सावलीला झाड नाही. लोंगेवाला हे १९७१ च्या लढाईचे ठिकाण आणि सीमेजवळचे तनोटचे देवीचे मंदिर पाहायची मुलांची फार इच्छा होती, पण तनोट सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि उन्हात तेवढा प्रवास सासूबाईंना झेपला नसता. त्याऐवजी शहराजवळचे युद्ध संग्रहालय पाहिले आणि १९७१ ची लढाई मुलांना तेथे नीट समजली.

किल्ल्याच्या आतही हॉटेले आहेत आणि त्यांची जाहिरात मोहात पाडणारी असते. मी मात्र किल्ल्याखाली राहण्याचाच आग्रह धरीन. नळ आणि सांडपाण्याची सोय करून एवढ्या वस्तीचा भार पेलण्यासाठी हा किल्ला बांधलेला नाही. झिरपणाऱ्या पाण्याने त्याचा पाया कमजोर झाला आहे आणि काही बुरूज ढासळलेही आहेत. २०१३ पासून हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्या आंघोळीचे पाणी त्याच्या पायात मुरू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

आता तंबूचा कॅम्प. शहरापासून सम सुमारे ४० किलोमीटर. कॅम्पवाल्यांनी दुपारी दोनला या असे सांगितले होते, आणि तेथेच पहिली अडचण झाली, कारण दोन ते सहा हे चार तास तंबूत काढावे लागले. तंबूला एसी होता, पण कापडाचा एकच पदर. बाहेरून तापलेले कापड आतून हाताला पोळत होते, आणि एसीची गार हवा पलंगाच्या पायथ्याशी जेमतेम पोहोचत होती. जनित्र दोनदा बंद पडले. तक्रार केल्यावर ‘सीझन नाही, माणसे कमी आहेत’ असे उत्तर मिळाले. माणसे कमी होती हे खरे, पण मग भाडे घेऊन कुटुंबांना दुपारी बोलावू नये. चार वाजता उंटावर बसा असा आग्रह सुरू झाला. आम्ही मुलांना साडेसहापर्यंत बसू दिले नाही, आणि उंटवाल्यानेही ‘आपण बरोबर करता, जनावरालाही आराम हवा’ असे म्हटले. रात्री आंधी आली. उन्हाळ्यात तिकडे ती येतेच. तंबूच्या फटींतून वाळू पांघरुणात, ताटात, धाकट्याच्या डोळ्यांत गेली, आणि कार्यक्रमाचे ध्वनिवर्धक मात्र चालूच राहिले. पैसे परत मागितले नाहीत, पण कॅम्पच्या मालकांना हे सर्व लेखी कळवले आहे.

वाळूच्या टेकड्या मात्र पाहाव्यातच. सूर्य मावळल्यावर वाळूचा वरचा थर आश्चर्य वाटेल इतक्या लवकर निवतो; मुले अनवाणी धावत होती, आणि वाऱ्याने काढलेल्या लहरींवर एका किड्याची नाजूक पावले थोरलीने किती तरी वेळ वाकून पाहिली. यासाठी तंबूत राहायची गरज नाही. हॉटेलमधून साडेपाचला जीप करून निघावे, सूर्यास्त पाहावा आणि नऊच्या सुमारास परत यावे. रस्ता चांगला आहे. हॉटेलवाल्यांनी आम्हांला हेच सुचवले होते, पण कॅम्पचे पैसे आधीच भरलेले होते.

आरक्षण संकेतस्थळावरून न करता हॉटेलला थेट फोन करावा आणि तळमजल्याची खोली, झरोका किंवा समोरासमोर खिडक्या, कूलरला इन्व्हर्टर, पाण्याची साठवण आणि पहाटेचा चहा या गोष्टी तोंडी विचारून मग संदेशात लिहून घ्याव्यात. तान्ही मुले, रक्तदाबाची औषधे घेणारे किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले कोणी बरोबर असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि शक्य असल्यास ही सहल दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलावी. ज्यांना मे महिन्यातच जायचे आहे, त्यांनी तंबूची रात्र वगळून तेवढ्या पैशांत परतीच्या वाटेवर जोधपूरला एक मुक्काम करावा. सुरतची गाडी पकडण्याआधी वयस्कर माणसांना तेथे दिवसभर निवांत पडता येते.