लेहच्या थंडीत गॅबियन : पीव्हीसीवाली जाळी नको, साधी झिंक-ॲल्युमिनियमची घ्या

सिंधूचा काठ बांधायला लेहकडे हिवाळाच बरा. पाणी सगळ्यात कमी तेव्हाच असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पायथ्याशी उतरायची सोय नाही. अडचण थंडीची. जानेवारीत रात्रीचा पारा उणे १५ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. तापमान ५ अंशांखाली गेलं की काँक्रीटसाठी पाणी तापवा, वर पांघरुणं घाला, हे सगळं आलं. म्हणून आमच्या कामात सिमेंट नाहीच. गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरायचे, बस. खालची माती वितळून खचली तरी गॅबियन वाकतं, तुटत नाही. सांगलीकडे दगडी पिचिंग करत आलेल्या मला ही गोष्ट फार आवडली.

साईटवर दोन प्रकारच्या पेट्या आल्या. दोन्ही २ × १ × १ मीटर, १० × १२ सेंमीची षटकोनी जाळी, तार २.७ मिमी. एका प्रकारात मुलाम्यावर करडा पीव्हीसीचा थर, दुसऱ्यात नुसता ९५ टक्के जस्त आणि ५ टक्के ॲल्युमिनियमचा मुलामा. पीव्हीसीवाली महाग, आणि कागदावर तीच सरस दिसते.

सकाळी घडी उलगडायला घेतली आणि वाकलेल्या कडांवर थराला चिरा पडू लागल्या. पीव्हीसी कडाक्याच्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. त्यात पोकलेनच्या बकेटमधून दगड आदळला की टवकाच उडतो. पुरवठादार फोनवर म्हणाला, "ऊन पडल्यावर उघडा ना साहेब." ऊन! ते पडतं, डोळे दिपवतं, पण आमचा काठ डोंगराच्या सावलीत. कोकणात खाडीच्या खाऱ्या पाण्यात हा थर हवाच, त्यावर वाद नाही. सिंधूच्या गोड्या पाण्यासाठी जास्तीचे पैसे मोजून फुटका थर कशाला घ्यायचा? साध्या मुलाम्याच्या पेट्यांनी मात्र काही कुरकुर केली नाही.

पेटीच्या कडा जोडायची शिवणीची तार २.२ मिमीची. दोन-दोन हातमोजे घालून ती ओवणं म्हणजे शिक्षा, आणि मोजे काढले तर बोटं जातात. त्याऐवजी सी-रिंगा घ्या, म्हणजे कडांवर दाबून बसवायच्या तारेच्या कड्या. हवेवर चालणाऱ्या गनच्या पाइपात ओल गोठून गन अडते, त्यासाठी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढावं लागतं. मला हाताने दाबायची पक्कड जास्त पसंत पडली. हळू चालते, पण अडत नाही. पोकलेनमध्ये हिवाळी डिझेलच घाला. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेलं डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही असं कंपनी सांगते, आणि आमचं मशीन तरी सकाळी सुरू व्हायचं.

आता दगड. नदीकाठच्या ढिगात गोटे बर्फाने एकमेकांना चिकटलेले असतात. ते तसेच पेटीत भरले तर भरणं दिसायला गच्च, मे महिन्यात बर्फ वितळलं की आत पोकळी आणि वरचं झाकण सैल. आमचा लडाखी मुकादम, सगळे त्याला आचोले म्हणायचे, ढीग उंचावर ताडपत्रीखाली ठेवायचा आणि पहारीने ठोकून बर्फ पाडल्याशिवाय एकही दगड आत जाऊ द्यायचा नाही. घाई करणाऱ्या ऑपरेटरला त्याने विचारलं, "बर्फ का भी बिल मिलेगा क्या?" बिल घनमीटरवर होतं, त्यामुळे प्रश्न अगदी बिनतोड. दगड १५ ते २५ सेंमीचे. जाळीच्या भोकापेक्षा लहान नकोत. इथले गोटे गुळगुळीत असल्याने नीट अडकत नाहीत, म्हणून दर्शनी बाजूचे हाताने रचा आणि आतल्या आडव्या ताणतारा विसरू नका, नाहीतर पेटीला पोट सुटतं.

मागे लावायचं जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, ओलं झालं की गोठून फळीसारखं ताठ होतं. रोल झाकून ठेवा, एवढंच.

साध्या मुलाम्याच्या पेटीला पाचपैकी साडेचार, पीव्हीसीवालीला या थंडीत दोन. मागणी सप्टेंबरात नोंदवा. झोजिला खिंड आणि मनालीचा रस्ता बंद व्हायच्या आत माल लेहमध्ये उतरला पाहिजे, कारण जाळीचे गठ्ठे विमानाने आणायचं भाडं कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही.