घरपोच वाचनालय आणि तीन अमेरिकन माजी सैनिक

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस अंशांच्या उन्हात वाचनालयापर्यंत चालत जाणे माझ्या वयाला आता झेपत नाही, म्हणून आमच्या भागातील एका खासगी वाचनालयाने घरपोच पुस्तकसेवा सुरू केल्याचे कळताच मी वर्गणी भरली. वाचनालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे. ५०० रुपये अनामत आणि महिन्याला १५० रुपये वर्गणी घेऊन ते एकाच विषयावरील तीन पुस्तकांचा संच कापडी पिशवीतून घरी पोहोचवतात आणि तीन आठवड्यांनी घेऊन जातात. मी मागवलेला संच अमेरिकेतील नामवंत माजी सैनिकांचा होता. पुस्तके इंग्रजी असली तरी प्रत्येकात हाताने लिहिलेले एक पानी मराठी टिपण घातलेले असते, आणि ज्यांना इंग्रजी सावकाश वाचावे लागते त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

संच ज्याने निवडला, त्याला दाद दिली पाहिजे. पराक्रमाच्या कथा कुठेही मिळतात. येथे निवडलेल्या तिघांच्याही आयुष्यातील अवघड भाग गणवेश उतरवल्यानंतर सुरू होतो. युलिसिस ग्रँट हे यादवी युद्धातील विजयी सेनापती आणि पुढे दोन वेळा राष्ट्राध्यक्ष. पण १८८४ च्या मे महिन्यात भागीदाराच्या लबाडीने त्यांची पेढी बुडाली आणि ते कफल्लक झाले. त्याच वर्षी त्यांच्या घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. आपल्या मागे पत्नीला काहीतरी उरावे म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, गिळणे आणि बोलणे कठीण झाले तरी लिहीत राहिले, आणि लेखन संपल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचे निधन झाले. प्रकाशन मार्क ट्वेन यांच्या संस्थेने केले. पुस्तक दुकानांत न ठेवता घरोघरी फिरून आगाऊ नोंदणी घेतली गेली, आणि त्या विक्रेत्यांत ग्रँट यांच्याच फौजेत लढलेले अनेक जुने सैनिक होते. ज्युलिया ग्रँट यांना मिळालेला पहिला धनादेश दोन लाख डॉलरचा होता. युद्धाचे वर्णन इतके कोरडे आणि नेमके आहे की लढायांच्या नकाशांत रस नसलेल्या वाचकालाही ते ओढून नेते. मी स्वतः त्यातलाच.

संचातील दुसरे माजी सैनिक डॅनियल इनोये यांच्या पुस्तकातील टिपणात मात्र चूक आहे. युद्ध संपताच त्यांना देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, असे त्यात लिहिले आहे. होनोलुलूत जन्मलेल्या या जपानी वंशाच्या तरुणाने २१ एप्रिल १९४५ रोजी इटलीत उजवा हात गमावला, परंतु तेव्हा त्यांना एक पायरी खालचे पदक देण्यात आले. मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च पदक मिळायला २००० साल उजाडावे लागले, आणि तेही आशियाई वंशाच्या सैनिकांच्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या म्हणून. या पंचावन्न वर्षांतच त्या माणसाची सगळी गोष्ट आहे. अंगावर गणवेश आणि हाताच्या जागी बसवलेला हूक असूनही सॅन फ्रान्सिस्कोतील न्हाव्याने जपानी म्हणून त्यांचे केस कापायला नकार दिला. शल्यचिकित्सक होण्याचे स्वप्न हाताबरोबर गेले, तेव्हा ते कायदा शिकले आणि १९६३ पासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत हवाईचे सिनेटर राहिले. टिपण लिहिणाऱ्याने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचले असते तर ही चूक झाली नसती.

माझ्या शेजारी राहणारे सुभेदार काका सैन्यातून निवृत्त होऊन आता एका पतसंस्थेच्या दारावर सुरक्षारक्षक आहेत. न्हाव्याचे ते पान त्यांना वाचून दाखवले, तेव्हा चहाची बशी खाली ठेवून ते एवढेच म्हणाले, "सर, पदकाचं लोकांना माहीत असतं. नंतरचं कोण विचारतं?"

माझी तक्रार याच 'नंतरच्या' भागाची आहे. तिसरे माजी सैनिक ऑडी मर्फी यांच्या चरित्राचा शेवटचा फर्माच, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठाच, शिलाईतून निखळून गेला होता. २६ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील होल्त्सविर गावाजवळ पेटलेल्या रणगाडाविरोधी गाडीवर चढून त्यांनी एकट्याने मशीनगन चालवली, तो प्रसंग पुस्तकात जसाच्या तसा होता. पुढे ते चित्रपटांत गाजले, पण झोप त्यांच्यापासून कायमची गेली. उशीखाली पिस्तूल ठेवून झोपणारा हा नट झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेला आणि त्या सोडवण्यासाठी त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. युद्धावरून परतलेल्यांच्या मानसिक त्रासाबद्दल उघडपणे बोलण्याची त्या काळी पद्धत नव्हती, तरी ते बोलले. २८ मे १९७१ रोजी विमान अपघातात ते गेले. मला नेमकी हीच पाने हवी होती आणि नेमकी तीच नव्हती.

फोन केल्यावर आधी "पान कुठे पडले ते घरातच बघा" असे उत्तर मिळाले, ते खटकले. दुसरी प्रत यायला अकरा दिवस लागले; विलंब शुल्क मात्र त्यांनी लावले नाही, आणि इनोये यांच्या टिपणातील चूक मी दाखवताच पुस्तक पोहोचवणाऱ्या मुलाने माझ्यासमोरच पेन काढून साल खोडले. दीडशे रुपयांत मी वर्गणी चालू ठेवतो आहे. संच येत्या शुक्रवारी परत जाईल. पुढे जो मागवेल त्याने पिशवी घेतानाच मर्फी यांच्या पुस्तकाची शेवटची सोळा पाने मोजून घ्यावीत, कारण फाटकी प्रतही अजून त्यांच्याच कपाटात आहे.