सनीडेलच्या खड्ड्यानंतर : बफीची कॉमिक्स सात महिने वाचल्यावर

सनीडेल गाव जमिनीत गडप झालं, खड्ड्याच्या काठावर उभी राहून व्हॅम्पायरांशी लढणारी बफी किंचित हसली आणि १४४ भागांची टीव्ही मालिका तिथं थांबली. २००३ सालचा हा शेवट ताईने आणि मी डीव्हीडीवर किती वेळा पाहिला याची गणतीच नाही. तो इतका मनासारखा होता, की 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'ची गोष्ट कॉमिक्समध्ये पुढे चालू आहे हे ठाऊक असूनही मी वर्षानुवर्षं तिकडे वळले नाही. उगाच कशाला हात लावायचा, असं वाटायचं.

गेल्या जूनमध्ये धीर केला. आज सात महिने झाले. टीव्हीवर सात सीझन झाले, आठव्यापासून पुढचे कॉमिक्समध्ये; त्यातला आठवा सीझन दोनदा वाचून झाला, नववा आणि दहावा एकेकदा. पुढे कथेतले मोठे प्रसंग येणार आहेत. ज्यांना आधी स्वतः वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

आठवा सीझन २००७ ते २०११ या काळात डार्क हॉर्स या प्रकाशनाने काढला. एकूण ४० अंक. मालिकेचा जनक जॉस व्हीडनने पहिली कथा स्वतः लिहिली आणि पूर्ण सीझनवर देखरेख ठेवली, बरीचशी चित्रं जॉर्जेस जीन्टीची. जो चेनने रंगवलेल्या मुखपृष्ठांवरची बफी थेट मालिकेतली नटी सारा मिशेल गेलर वाटते. आत मात्र चेहरे रेषांचे, साधे. पहिले दोन-तीन अंक मला याचाच त्रास झाला. आपण मुखपृष्ठावरची माणसं शोधत राहतो आणि आत दुसरीच कुणी भेटतात. पाचव्या अंकाच्या आसपास केव्हातरी डोळ्यांनी तडजोड केली आणि फुग्यांतली वाक्यं त्या-त्या नटाच्या आवाजात ऐकू यायला लागली. बफीचा मित्र झँडर, त्याचं बोलणं तर पहिल्या पानापासूनच.

सुरुवात फोनवर केली, ती चूक. एकेक चौकट मोठी करून बघताना दोन पानांवर पसरलेलं चित्र हातातून निसटतं आणि पान उलटतानाचा धक्का मिळतच नाही. दहाव्या अंकानंतर मोठ्या आकाराचे पुठ्ठा बांधणीचे चार खंड मागवले. पहिल्याचा कोपरा प्रवासात चेपून आला, तरी परत पाठवायला मन झालं नाही. हे खंड मांडीवर घेऊनच वाचावे लागतात; आडवं पडून हात भरून येतात. पण वाचायचं तर असंच. आणि एका रात्री एकच अंक. मी एकदा सलग नऊ वाचले, त्यातलं निम्मं पुन्हा वाचावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीवर पैशाची मर्यादा होती, कागदावर नाही. त्यामुळे बफी स्कॉटलंडच्या किल्ल्यात राहते, जगभरात १८०० स्लेअर, म्हणजे तिच्यासारखी व्हॅम्पायरांशी लढण्याची शक्ती मिळालेल्या मुली, झाल्यात, त्यातल्या जवळजवळ ५०० तिच्यासोबत आहेत. तिची धाकटी बहीण डॉन राक्षसी उंचीची होते, नंतर सेंटॉर (अर्धी माणूस, अर्धा घोडा), नंतर बाहुली. टोकियोत लढाई, तिबेटात लढाई, आणि शेवटी बफी चक्क आकाशात उडते. एवढं सगळं पाहून मला काय आठवत राहिलं, तर बफीच्या आईच्या मृत्यूचा तो पाचव्या सीझनमधला भाग, ज्यात पार्श्वसंगीताचा एक सूरही नाही. ती मालिका आपली झाली ती अशा खोल्यांमुळे, अशा शांततेमुळे. आणि कॉमिक्सला तर मुळातच आवाज नाही! ते जिथं हे ओळखतं तिथं मालिकेच्या तोडीला जातं.

पाचवा अंकच घ्या. बफीच्या नावाने जमिनीखाली वावरणारी एक मुलगी, शत्रूला चकवण्यासाठी ठेवलेली. ती मरते. तिचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. एकाच अंकात संपणारी गोष्ट, आणि सातव्या सीझनच्या शेवटी ज्या असंख्य मुलींना शक्ती मिळाली त्यांचं पुढे काय झालं, याचं इतकं दुखरं उत्तर दुसरं नाही. त्यानंतर ब्रायन के. व्हॉनने लिहिलेले फेथ या दुसऱ्या स्लेअरचे चार अंक. बफीचा गुरू जाइल्स तिला उमराव घराण्यातल्या एका स्लेअरला मारायला पाठवतो आणि त्यासाठी आधी बोलण्या-चालण्याची रीत शिकवतो. त्या दोघांमधला जिव्हाळा मालिकेतसुद्धा इतका उमलला नव्हता.

उलट आठव्यातला मुखवट्यामागचा खलनायक ट्वायलाइट म्हणजे बफीचा जुना प्रियकर, व्हॅम्पायर एंजल, हे मला आजही पटलेलं नाही. ३४व्या अंकात बफी आणि एंजल आभाळात एकत्र येतात, खाली जग मोडून पडतंय. मी पुस्तक मिटून ठेवलं, ते आठवडाभर उघडलं नाही. त्यात एंजलची स्वतःची पुढची गोष्ट त्याच सुमारास आयडीडब्ल्यू या वेगळ्या प्रकाशनाकडून येत होती, नरकात गेलेल्या लॉस एंजेलिसची. दोन्ही वाचली तर माणूस एकच वाटत नाही. अमर्याद खर्चाच्या मोहात आपण वाहवत गेलो, अशा अर्थाचं व्हीडनने ४०व्या अंकातल्या पत्रात स्वतःच लिहिलंय. ते वाचून माझा राग बराच निवळला.

आणि तरीही ३९वा अंक. एंजल जाइल्सची मान मोडतो. दुसऱ्या सीझनमध्ये याच हातांनी जाइल्सच्या प्रेयसीची, जेनी कॅलेंडरची मान मोडली होती, तेव्हा फुलांनी सजवलेल्या घरात जिना चढणारा जाइल्स आपण पाहिला होता. ते आठवलं आणि पान उलटवेना. मृत्युपत्रात तो जवळजवळ सगळं फेथच्या नावे करतो. बफीला फक्त व्हॅम्पायरांवरचं ते जुनं जाडजूड पुस्तक. हेच पुस्तक दहाव्या सीझनमध्ये कोरं होतं आणि जादूचे नवे नियम त्यात लिहायचे ठरतात. तीन वर्षांपूर्वी ठेवलेली वस्तू अशी हाताशी यावी, हा लेखकांचा धीर मला फार आवडला.

नवव्यात सॅन फ्रान्सिस्को, भाड्याचं घर, कॅफेतली नोकरी. जादू जगातून गेलेली. कथा पुन्हा माणसांच्या उंचीवर येते. पण त्या काळातली खरी वाचनीय मालिका बफीची नसून 'एंजल अँड फेथ' आहे. ख्रिस्तोस गेज आणि रेबेका आयझॅक्स या जोडीचे २५ अंक, लंडनमध्ये, जाइल्सच्याच घरात. दहावा सीझनही याच जोडीकडे गेला आणि तिथं मला माझी मंडळी परत मिळाली. घाई असेल तर आठव्यातले निवडक अंक, मग 'एंजल अँड फेथ', मग दहावा, असं वाचा. मालिका न पाहता मात्र यातलं काहीही हाती घेऊ नका.

दिवाळीत ताई आली तेव्हा चारही खंड तिच्या बॅगेत घातले. काल रात्री तिचा मेसेज आला, ३८वा अंक संपला म्हणून. पुढचं मी काही बोललेले नाही. आज फोन उशाशी ठेवून झोपणार आहे.